पोराची पाठ, बापाचा विमा

बडोद्याच्या एका वडिलांचं पत्र आलंय. वय ४६, मकरपुरा जीआयडीसीत नोकरी, हातात महिन्याला ६५ हजार, कमावणारे एकटेच. मुलगा १७ वर्षांचा, फास्ट बोलर, कमरेत एल-५ मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर. डॉक्टर म्हणतायत आधी तीन-चार महिने बोलिंग बंद, पट्टा, फिजिओ. नाहीच जुळलं तर छोट्या छेदातून स्क्रू, खर्च साडेतीन लाख. यांना सीझन जायला नको म्हणून ऑपरेशन आत्ताच हवंय. पर्सनल लोन काढू की मुलाची पॉलिसी मोडू?

अहो, आत्ता दोन्ही नको. या वयातली अशी फ्रॅक्चरं बऱ्याचदा आरामानेच भरून येतात, आणि बुमराहचं पाठीचं ऑपरेशन मार्च २०२३ मध्ये झालं तरी मैदानात उतरायला ऑगस्ट उजाडला, म्हणजे घाई करून सीझन वाचत नाहीच. सिलेक्शन झालं की पैसे निघतील म्हणता, त्या भरवशावर लोन काढायचं नसतं. कंपनीचा ३ लाखांचा मेडिक्लेम आहे ना? एचआरला विचारा, मुलगा त्यात आहे का, इम्प्लांटला नि रूम रेंटला लिमिट किती. वरचे पन्नास-साठ हजार एफडीतून.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. पॉलिसीचा फोटो पाठवलात त्यात 'लाइफ अ‍ॅश्युअर्ड'च्या, म्हणजे ज्याच्या जिवाचा विमा त्याच्या रकान्यात, मुलाचं नाव आहे! वर्षाला ९६ हजार हप्ता, चार भरले, आणि विमा कुणाचा, तर ज्याच्या कमाईवर घरातलं कुणीच अवलंबून नाही त्याचा. तुमचा स्वतःचा फक्त ५ लाख, म्हणजे आठ महिन्यांचाही पगार नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर हप्ता कोण भरणार? हप्ता भरणारा गेला तर पुढचे हप्ते माफ होतात, तो प्रीमियम वेव्हर रायडरसुद्धा घेतलेला नाही. ज्याने हे गळ्यात मारलं त्याचा मला खरंच राग येतो. २० वर्षांनी ३५ लाख म्हणे, हिशोब केला तर जेमतेम साडेपाच टक्के, पीपीएफ आज ७.१ देतंय.

मोडलीत तर आज साधारण निम्मेच, १.९ लाखांच्या आसपास हातात येतील. त्यापेक्षा पेड-अप करा, म्हणजे हप्ता थांबवा, पॉलिसी कमी रकमेवर चालू राहते. त्या ९६ हजारांतून आधी तुमच्या नावाने १ कोटीची टर्म पॉलिसी, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, तीसेक हजारात बसेल, उरलेले पीपीएफमध्ये. पण टर्म हातात येईपर्यंत जुनं काही बंद करू नका, आणि बीपीची गोळी चालू आहे ती फॉर्मात लिहा, लपवलीत तर क्लेमच्या वेळी वहिनींना धावाधाव करावी लागेल.