शेवट गोड असला म्हणून काय झालं?

मागच्या अंकात आपण हल्लीच्या इंग्रजी प्रेमकथांबद्दल थोडंसं लिहिलं होतं, म्हणजे ज्यांत नायक-नायिका सगळ्या रंगांची, देशांची, शरीरांची असतात त्या. त्यावर भरपूर पत्रं आली, त्यातली पाच इथे घेतोय. एकदोन पत्रं लांब होती म्हणून थोडी कापलीत, त्याबद्दल राग नसावा.

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालेय. मुलीनं तिच्या किंडलवर हेलन होआंगची 'द किस कोशंट' दिली आणि मी ती रात्री जागून संपवली. पण काय वाचतेस असं कुणी विचारलं की सांगायला लाज वाटते. आमचे हे म्हणतात की शेवटी दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानावरच कळतं, मग वाचायचं कशाला? त्यांना काय सांगू?
– एक वाचक, सांगली

ताई, आधी तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर. कीर्तनात रुक्मिणीस्वयंवर लागलं की श्रीकृष्ण रुक्मिणीला घेऊन जाणार हे मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, तरी कुणी मधे उठून घरी जातं का? सगळे बसून राहतात कारण पत्र कसं पोचलं, रथ कसा आला, रुक्मीनं काय केलं यातच सगळा रस असतो. रोमान्स कादंबरीचं तसंच आहे. शेवट गोड होणार हा लेखिकेनं वाचकाला दिलेला शब्द असतो, आणि तो शब्द दिलेला असतो म्हणूनच मधे ती पात्रांना पार कोपऱ्यात नेऊ शकते आणि आपण पुस्तक खाली न ठेवता तिच्यामागे जातो.

आता तुम्ही वाचलेलंच पुस्तक घ्या. स्टेला ऑटिस्टिक आहे, म्हणजे तिचा मेंदू जग थोडं वेगळ्या तऱ्हेनं अनुभवतो, आकडेमोडीत एकदम हुशार, लोक काय विकत घेतील याचे अल्गोरिदम बनवणारी. मायकल अर्धा व्हिएतनामी, आईच्या आजारपणाच्या खर्चासाठी दर शुक्रवारी एस्कॉर्टचं काम करतो, म्हणजे पैसे घेऊन बायकांना सोबत करतो. आणि तो प्रसंग आठवा, ती पहिल्यांदा त्याच्या घरी जेवायला जाते तो. टीव्ही चालू, पियानो चालू, सगळे एकदम बोलतायत, तिला तो आवाज सहन होत नाहीये, आणि त्यात आई प्लॅस्टिकच्या डब्यात गरम केलेलं जेवण पुढे ठेवते तर ही सरळ सांगते की प्लॅस्टिकमधे गरम केलेलं खाऊ नये. तिच्या मनात अपमान करायचं काही नाहीये, तिला खरंच काळजी वाटतेय, पण घरातल्यांना ते कसं लागलं असेल! आपल्याकडे होणाऱ्या सासूबाईंच्या ताटाबद्दल असं बोललेलं ऐकलं तर काय होईल याची कल्पना करा. तिथे लेखिका कुणाचीच बाजू घेत नाही, आपल्याला आई पण कळते आणि स्टेला पण कळते. हे काही फालतू लिखाण नाहीये ताई, हे फार अवघड काम आहे. होआंगना स्वतःला ऑटिझम असल्याचं निदान मोठेपणी, २०१६ मधे झालं आणि कादंबरी २०१८ ला आली, त्यामुळे स्टेला बाहेरून बघितलेली वाटतच नाही, तिला कपड्याच्या शिवणीचा त्रास होतो तो आपल्याच अंगाला टोचायला लागतो.

आणि लाजेचं म्हणाल तर, आपल्याकडे मिल्स अँड बूनच्या इंग्रजी प्रेमकथा कितीतरी पोरींनी वहीच्या आत लपवून वाचल्या. लायब्ररीतल्या त्या मऊ झालेल्या कॉप्या कितीजणींच्या हातून गेल्या असतील! त्याच वयाच्या पोरांनी रहस्यकथा उघड्यावर वाचल्या, त्यांना कुणी काही म्हटलं नाही. खून झाला, खुनी शेवटी सापडणार हे तिथेही माहीतच असतं ना? मग प्रेमाचीच लाज का? तुम्ही टेबलावर पुस्तक ठेवा आणि विचारलं की नाव सांगा. यजमानांना पण द्या वाचायला, खरंच द्या, तो जेवणाचा प्रसंग तरी.

प्रश्न : हल्ली प्रत्येक पुस्तकात एक कृष्णवर्णीय, एक गे, एक आजारी असं असलंच पाहिजे असा नियम झालाय असं वाटतं. हजेरी घेतल्यासारखं. गोष्ट कुठे राहिली?
– एक वाचक, पुणे

तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाहीये, अशी पुस्तकं निघतात. पण ओळखायची एक सोपी युक्ती सांगते. त्या पात्राचं वेगळेपण मनातल्या मनात काढून टाका आणि बघा गोष्ट जशीच्या तशी उभी राहते का. राहत असेल तर ती हजेरीच. पण टालिया हिबर्टची 'गेट अ लाइफ, क्लोई ब्राऊन' (२०१९) घ्या. क्लोई कृष्णवर्णीय ब्रिटिश, वेबसाइट बनवते आणि तिला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंग सतत दुखणं आणि न संपणारा थकवा. आजारपण आल्यावर होणारा नवरा सोडून गेलाय, मैत्रिणी पांगल्यात. एक दिवस गाडीखाली येता येता वाचते आणि मग जगायचं कसं याची यादी करते, मोटरसायकलवर बसायचं, कॅम्पिंगला जायचं वगैरे. आता यातून दुखणं काढा बरं! यादीच राहत नाही, कारण धडधाकट माणसाला कॅम्पिंगला जायला यादी कशाला लागते. आणि बिल्डिंगची देखभाल करणारा सुपरिंटेंडंट रेड, जो चित्रकार पण आहे, त्याचं प्रेम कशातून दिसतं तर तिला कधी बसायला लागेल, आज दुखतंय की नाही हे तो न बोलता ओळखायला शिकतो यातून. मला तर फुलं-बिलं आणणाऱ्या नायकापेक्षा हा शंभरपट रोमँटिक वाटतो. ज्यांच्या घरात सततचं दुखणं घेऊन जगणारं माणूस आहे त्यांना यातलं ओळ न् ओळ पटेल.

दुसरं म्हणजे, नियम झालाय असं वाटतं ते आत्ता आत्ता ही पुस्तकं डोळ्यांना दिसायला लागली म्हणून. आधीची परिस्थिती ऐका. अमेरिकेत कृष्णवर्णीय लेखिकेनं लिहिलेली, कृष्णवर्णीय जोडप्याची रोमान्स कादंबरी मोठ्या प्रकाशकाकडून यायला १९८० उजाडलं, ते पण व्हिव्हियन स्टीफन्स नावाच्या संपादिकेनं जोर लावला म्हणून. याच बाईंनी पुढे रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही संघटना उभी करायला हात लावला. आणि त्याच संघटनेचा मानाचा पुरस्कार, १९८२ मधे सुरू झालेला, कृष्णवर्णीय लेखिकांना पहिल्यांदा मिळाला २०१९ मधे! कॅलिफोर्नियात 'द रिप्ड बॉडिस' म्हणून फक्त रोमान्सची पुस्तकं विकणारं दुकान आहे, दोघी बहिणींनी २०१६ ला काढलेलं, त्या दरवर्षी मोजून अहवाल काढायच्या की मोठ्या प्रकाशकांच्या किती पुस्तकांच्या लेखिका गोऱ्या नाहीत. २०१७ साली शंभरातली जेमतेम सहा निघाली. शंभरात सहा असताना आपल्याला हजेरी वाटते म्हणजे आपल्याला बाकीच्या चौऱ्याण्णवांची किती सवय झालीय बघा. गोरा, श्रीमंत, उंच नायक ही पण एक हजेरीच होती की, आपण ती कधी मोजली नाही इतकंच.

प्रश्न : मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, गाव लांब. मी गे आहे, घरी माहीत नाही. जे काही वाचतो बघतो त्यात शेवटी कुणीतरी मरतं नाहीतर घरच्यांच्या सांगण्यावरून लग्न करून मोकळं होतं. मला एक तरी अशी गोष्ट सांगा ज्यात दोघं नीट एकत्र राहतात. मराठीत आहे का?
– नाव छापू नये

मित्रा, तुझं पत्र आमच्या इथे सगळ्यांनी वाचलं आणि सगळ्यांना वाटलं की उत्तर नीट द्यायचं.

मराठीत पहिलं नाव येतं सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'चं, २००६ ची कादंबरी. पुण्यातलं घर, तिथे एक पेइंग गेस्ट येतो आणि तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघंही त्याच्याच प्रेमात पडतात. अर्धी गोष्ट तनय सांगतो, अर्धी अनुजा. कायद्यानं हे प्रेम गुन्ह्यातून बाहेर काढलं ६ सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे हे पुस्तक त्याच्या बारा वर्षं आधीचं, आणि तरी तनय कुठेही माफी मागत नाही, माझं असं का झालं म्हणून रडत नाही, तो फक्त गेलेल्या माणसाची आठवण काढतो, कुणीही काढेल तशी. जेरी पिंटोंनी त्याचं इंग्रजी केलं, पुढे २०२२ ला सिनेमा पण आला. पण खरं सांगायचं तर तो माणूस निघून जातो. तुला हवाय तो शेवट त्यात नाही, आणि तू आत्ता ज्या मनःस्थितीत आहेस त्यात हे नंतर वाच असं मी म्हणेन.

तुला आत्ता हवंय ते केसी मॅकक्विस्टनच्या 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू'मधे (२०१९) आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षबाईंचा मुलगा अॅलेक्स, वडिलांकडून मेक्सिकन वंशाचा, आणि इंग्लंडचा राजपुत्र हेन्री. आधी भांडण, शाही लग्नातला अख्खा केक अंगावर पाडून घेतात दोघं, मग हळूहळू मैत्री आणि मग पुढचं. हे सगळं स्वप्नातलं आहे हे मान्य, तुझी न माझी ओळख कुठल्या राजपुत्राशी होतेय. पण यातल्या ईमेल वाच. दोघं एकमेकांना लिहिताना खाली इतिहासातल्या जुन्या खऱ्या प्रेमपत्रांमधल्या ओळी जोडतात, पुरुषानं पुरुषाला, बाईनं बाईला लिहिलेल्या, काही तर शेकडो वर्षांपूर्वीच्या. म्हणजे त्या दोघांना कळतं की आपण पहिले नाही आहोत, आपल्याआधी कितीतरी जण होऊन गेले. अॅलेक्सच्या गळ्यातल्या साखळीत त्याच्या ऑस्टिनमधल्या लहानपणच्या घराची किल्ली असते, तिच्यावर लक्ष ठेव, जास्त सांगत नाही. कुणी मरत नाही, कुणाला जबरदस्तीनं बोहल्यावर चढवत नाहीत.

मराठीत असा निखळ गोड शेवट असलेली, दोन मुलांची किंवा दोन मुलींची लांबलचक कादंबरी ढीगभर मिळायला हवी, आणि आमच्या वाचकांत लिहिणारे बरेच आहेत, त्यांनी हे पत्र मनावर घ्यावं. आणि हो, हॉस्टेलवर राहतोस तर फोनवरच्या किंडल अॅपमधे वाच, कव्हर कुणाला दिसत नाही. लाज म्हणून नव्हे, घरी कधी कसं सांगायचं हे तुझं तू ठरवायचंस म्हणून.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी पंधरा वर्षांची, रोमान्स वाचायचं वेड लागलंय. तिच्यासारखी दिसणारी, घरी आई-आजी असलेली नायिका असेल आणि वयाला झेपेल असं काही सुचवाल का? आणि मला पण सांगा, मोठ्यांसाठीचं.
– एक आई

तिच्यासाठी संध्या मेनन, डोळे झाकून. त्यांची 'देअर्ज समथिंग अबाउट स्वीटी' द्या. स्वीटी नायर मल्याळी आहे, जाड आहे आणि शाळेच्या टीममधे सगळ्यात जोरात पळते, आणि आई म्हणते आधी बारीक हो मग डेटचं बघू. पुस्तक शेवटपर्यंत तिला बारीक करत नाही, यासाठी लेखिकेला माझा मनापासून नमस्कार. मुलीबरोबर तुम्ही पण वाचा, कारण त्यातली आई वाईट नाहीये, तिला भीती वाटतेय, आणि तो भाग आईनं वाचायचा आहे. थोडी मोठी झाली की उझ्मा जलालुद्दीन यांची 'आयशा अॅट लास्ट'. टोरंटोतलं मुस्लिम घर, नायक दाढी राखून पांढरा झगा घालून ऑफिसला जाणारा, इंटिमेट सीन नाहीत आणि तरी नजरानजर झाली की आपल्या पोटात गोळा येतो.

तुमच्यासाठी सोनाली देव. मुंबईत वाढलेल्या, आता अमेरिकेत असतात. 'प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स' (२०१९) मधलं राजे घराणं म्हणजे मूळचे संस्थानिक, आता कॅलिफोर्नियात, थोरल्या भावाला गव्हर्नर करायच्या खटपटीत. तृषा राजे न्यूरोसर्जन, हुशार आणि त्यामुळे थोडी फटकळ, आणि डीजे केन शेफ, अर्धा रवांडाचा अर्धा अँग्लो-इंडियन, लंडनचा. त्याची बहीण तृषाची पेशंट आहे, ती चित्रकार, आणि जीव वाचवायचा तर ऑपरेशनमधे दृष्टी जाणार. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची, १८१३ ची गोष्ट उलटी केलीय, गर्विष्ठपणा इथे बाईच्या वाट्याला आलाय. स्वयंपाकाची वर्णनं उपाशीपोटी वाचू नका. हे मात्र मोठ्यांसाठी, मुलीला अजून दोनतीन वर्षांनी.

प्रश्न : माझं इंग्रजी कच्चं आहे, जाड पुस्तक बघूनच धडकी भरते. सुरुवात कशानं करू?
– एक वाचक, नंदुरबार

अॅलिस ओसमनच्या 'हार्टस्टॉपर'नं करा. चित्रकथा आहे, इंग्लंडमधली शाळा, चार्ली आणि रग्बी खेळणारा निक वर्गात शेजारी बसतात आणि तिथून सगळं सुरू होतं. एका पानावर चार वाक्यं, ती पण शाळकरी पोरांची, आणि कितीतरी पानांवर शब्दच नाहीत, नुसते दोघांचे हात, कडेनं उडणारी पानं, तेवढ्यावर सगळं कळतं. शब्द अडला तर तसाच पुढे जा, डिक्शनरी काढत बसू नका, दहा पानांत तो परत येतो आणि आपोआप कळतो. फक्त पहिला भाग आणाल तेव्हा दुसरा पण सोबत आणा, पहिला नेमका नको तिथे तुटतो.