शंका-समाधान : ओलं भात आणि पंख्याची नळी

प्रश्न : परतीच्या पावसात सापडलेलं दहा क्विंटल भात झोडून पडवीत ढीग केला. पंख्याला जोडलेली भोकांची नळी भाड्याने आणून ढिगात खुपसली आणि चार दिवस अखंड चालवली. पावसाची झड येते म्हणून वर ताडपत्री होती. तळचं भात सुकलं, वरचं ओलंच आहे, आता आंबूस वास येतो. यंत्र बिघडलेलं असेल का? (कुडाळ)

उत्तर : यंत्र ठीक आहे. आधी ताडपत्री काढा. खालून शिरलेली हवा दाण्यातलं पाणी घेऊन वर येते. तिची वाट अडली की ताडपत्रीच्या आतल्या अंगाला थेंब धरतात आणि वरच्या थरावर ठिबकतात. झड अडवायचीच असेल तर ताडपत्री ढिगापासून हातभर वर, मांडवासारखी बांधा.

आता पाण्याचा हिशेब. २० टक्के ओलाव्याचं दहा क्विंटल भात १४ टक्क्यांवर आणायचं तर ७० लिटर पाणी काढावं लागतं. दुपारची ३२ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा घनमीटरमागे जेमतेम दोन ग्रॅम पाणी उचलते. ब्लोअर, म्हणजे जोराने हवा ढकलणारा पंखा, मिनिटाला १० घनमीटर हवा देत असला तरी तासाला सव्वा लिटर निघेल. म्हणजे साठेक तास. रोज दुपारचे सहा तास धरले तर दहा दिवस. भाड्याच्या छोट्या पंख्याला याहून जास्त लागतील. म्हणून ऊन मिळेल तेव्हा खळ्यात पातळ पसरून, तासा-अर्ध्या तासाने पाय घालून, म्हणजे पायांनी खालीवर करून, भात १७ टक्क्यांवर आणा आणि उरलेलं काम नळीवर सोपवा.

रात्री पंखा चालवणं ही दुसरी चूक. किनाऱ्यावर पहाटे आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे असते. ती हवा १७ टक्क्यांखालच्या भाताला सुकवत नाही, उलट ओलावते. सुकलेल्या दाण्याने पुन्हा पाणी ओढलं की आत चीर पडते आणि गिरणीत तांदळाची कणी होते. तुमच्या तळच्या थराला हा धोका आहे. पसाभर भात सोलून दाणे उजेडासमोर धरा, आडव्या रेघा दिसतील. सकाळी दव उडाल्यावर दहाच्या सुमारास पंखा सुरू करा, चारला बंद.

याला अपवाद एकच. लोखंडी सळई ढिगाच्या मध्यात पंधरा मिनिटं खुपसून ठेवा. हाताला गरम लागली तर रात्र असो वा पाऊस, पंखा बंद करू नका. तेव्हा प्रश्न सुकवण्याचा नसतो, भात वाचवण्याचा असतो. तुमच्याकडे वास येतोय, म्हणजे आजच सळई घाला. वरचा वास धरलेला थर वेगळा काढून पसरा, चांगल्यात मिसळू नका.

प्रश्न : अशी नळी घरी करता येईल का? (गुहागर)

उत्तर : येईल, पण पीव्हीसी पाइपला शेकडो भोकं पाडत बसू नका. भोकं कमी पडली की हवा कोंडते. मोठी पाडली की भात आत शिरतं. त्यापेक्षा बांबूच्या कामट्यांचे उलट्या ‘व्ही’च्या आकाराचे, वीतभर उंचीचे बोगदे करा. वरून मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा आणि एक तोंड बंद करा. दहा क्विंटलसाठी सात फूट लांब, सहा फूट रुंद जागेत असे तीन बोगदे दोन-दोन फुटांवर जमिनीवर ठेवा. त्यावर भात दीड फूटच चढवा आणि वरचा पृष्ठभाग सपाट करा. मध्ये ढीग उंच राहिला तर हवा कडेच्या पातळ भागातून पळते आणि मधलं भात तसंच राहतं. घरातला टेबलफॅन किंवा एक्झॉस्ट फॅन उपयोगाचा नाही, भाताच्या दाबाला तो हवा ढकलत नाही. शेकोटीला वारा घालतो तसल्या, पण मोठ्या ब्लोअरचीच गरज आहे. झोडताना राहिलेला पेंढ्याचा चुरा आधी वारवून काढा, नाहीतर तो जागोजाग अडून बसतो.

प्रश्न : ओलावामापक नाही. भात कणगीत भरायजोगं झालं हे कसं ओळखावं? (संगमेश्वर)

उत्तर : तव्यावर भाजून कोरडं केलेलं मीठ चमचाभर आणि मूठभर भात कोरड्या काचेच्या बाटलीत घाला. घट्ट बूच लावून हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. आपल्याकडे मीठ बरणीतच पाणी धरतं, तेव्हा भाजण्यात आळस नको. बियाण्याचं भात मात्र मीठ सुटं राहिल्यावरही आणखी दोन-तीन उन्हं खाऊ द्या. त्याला १२ टक्के लागतात.