अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा (पुरुष) एकच सीझन बघायचा असेल तर कोणता बघावा?

व्हर्जिनिया विद्यापीठाचा 2018-19चा. मी इंजिनिअरिंगला असताना कॉलेजच्या टीमकडून गार्ड म्हणून खेळायचो, त्यामुळे बरेच सीझन बघितलेत. पण इतका जीव कुठल्याच टीमवर जडला नाही.

सुरुवात मात्र त्याच्या आदल्या वर्षापासून करावी लागते. मार्च 2018मध्ये व्हर्जिनिया देशात अव्वल मानांकित होती आणि एनसीएए या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत गटातल्या सर्वांत खालच्या, म्हणजे 16व्या मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठाकडून 74-54 अशी हरली. पुरुषांच्या एनसीएए स्पर्धेत असं आधी कधीच घडलं नव्हतं. हाफटाइमला 21-21 होते. जी टीम अख्ख्या मॅचमध्ये समोरच्याला सरासरी 54च्या आसपास पॉइंट द्यायची, तिने दुसऱ्या हाफमध्येच 53 दिले. व्हर्जिनियाचा खेळाडू डिआंद्रे हंटर मनगट मोडल्यामुळे बाहेर होता, हेही खरं.

एवढी नाचक्की झाल्यावर लोक म्हणाले, हा संथ खेळ सोडा. कोच टोनी बेनेट यांनी सोडला नाही. त्यांचा पॅक-लाइन डिफेन्स हा वडील डिक बेनेट यांचा वारसा. बॉलवाल्याला एकजण भिडतो, बाकी चौघे थ्री-पॉइंट लाइनच्या आत दोनेक फूट सरकून उभे राहतात आणि आत घुसायची वाटच बंद करतात. बघायला कंटाळवाणं वाटतं, पण खेळलेल्या माणसाला विचारा, त्यासाठी पायांत किती दम लागतो ते.

2019ची पहिली फेरी, समोर पुन्हा 16वं मानांकन, गार्डनर-वेब. व्हर्जिनिया 14 पॉइंटनी मागे! तिथून सावरून 71-56ने जिंकले.

मग पर्ड्यू विद्यापीठाशी मॅच. आपल्याकडे रविवारची सकाळ होती, समोरचे पोहे गार होऊन गेले. पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने 42 पॉइंट ठोकले होते. 5.9 सेकंद उरलेले, व्हर्जिनिया दोनने मागे, व्हर्जिनियाच्या टाय जेरोमचा दुसरा फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारा एका पॉइंटचा मोकळा शॉट) हुकला. त्याच्याच टीमच्या मामादी दियाकितेने बॉल मागे टोलवला, तो थेट मधल्या रेषेपलीकडे गेला. पाच फूट नऊ इंचांचा किहेई क्लार्क, पहिल्याच वर्षाचा पोरगा, मागे धावला, बॉल उचलला आणि लांबून सरळ दियाकितेच्या हातात फेकला. बझर वाजायच्या आत शॉट सुटला आणि बास्केट झाली. 70-70. ओव्हरटाइममध्ये 80-75.

सेमीफायनलला ऑबर्नविरुद्ध 0.6 सेकंद बाकी असताना थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) मारणाऱ्या व्हर्जिनियाच्या काइल गायवर फाउल झाला. 62-60ने मागे असताना तीन फ्री थ्रो. शिट्टी वाजल्यावर त्याने जर्सी तोंडावर ओढून घेतली. दोन टाकल्यावर ऑबर्नने टाइमआउट घेतला, तरी तिसराही आत. त्याआधी जेरोमचा डबल ड्रिबल (टप्पे देणं थांबवून पुन्हा सुरू करणं, हा नियमभंग) रेफ्रींच्या नजरेतून सुटला होता. ऑबर्नवाल्यांची ती खंत रास्त आहे आणि व्हर्जिनियाचा चाहता असूनही मी ती मान्य करतो.

फायनल टेक्सास टेकशी, तीही ओव्हरटाइममध्ये, 85-77. शेवटच्या काही सेकंदांत बरोबरीचा थ्री कोणी मारला? हंटरने, त्याच मोडलेल्या मनगटाच्या हंटरने. त्या रात्री त्याचे 27 पॉइंट. व्हर्जिनियाचं हे पहिलं विजेतेपद, सीझनचा हिशेब 35 विजय, 3 पराभव.

बघायला बसाल तेव्हा थेट पर्ड्यूवर उडी मारू नका. आधी यूएमबीसीची मॅच पूर्ण बघा, शेवटच्या मिनिटांतले व्हर्जिनियाच्या बेंचवरचे चेहरेसुद्धा.