‘घरात पडून जखम’ एवढ्यावर थांबू नका

प्रश्न : आईच्या व्हीलचेअरचा ब्रेक लावलेला होता, तरी उतरताना चाक फिरलं आणि ती पडली. कपाळाला टाके पडले. केसपेपरवर मात्र ‘घरात पडून जखम’ एवढंच आहे. खुर्चीचा उल्लेख हवा होता का? आणि एका नोंदीने असा काय फरक पडणार?

उत्तर : हवाच होता, ताई. इमर्जन्सीतले केसपेपर वाचून जखमांची कारणं वेगळी काढणं हे माझं रोजचं काम. टाके किती, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का, हे सगळं चोख लिहिलेलं असतं. जखम कशाने झाली, ही ओळ मात्र अर्धवट. डॉक्टरांना दोष देत नाही, समोर रक्त वाहत असतं. पण तुमच्या आईचा कागद माझ्यापुढे आला असता, तर तो वयस्कांच्या पडझडीतच मोजला गेला असता. खुर्ची सुटलीच असती.

मुद्दाम शोधलं की केवढं सापडतं बघा. अमेरिकेत निवडक रुग्णालयांच्या इमर्जन्सी नोंदी वाचून देशभरातल्या जखमांचा अंदाज बांधतात. जुलै १९९९ ते जून २००० या काळातल्या नोंदी वैद्यकीय उपकरणांमुळे (व्हीलचेअरही त्यातच येते) झालेल्या जखमांसाठी चाळल्या, तेव्हा वर्षाचा अंदाज चार लाखांच्या वर गेला. पुढे २००४-०५ मध्ये मुलांच्या नोंदी तपासल्या, तर सर्वांत पुढे कॉन्टॅक्ट लेन्स! घरात घडणाऱ्या अशा गोष्टींची तक्रार कंपनीकडे सहसा कुणी करत नाही, म्हणून केसपेपरवरच्या त्या एका ओळीला मी इतकी जपते.

तुमच्या एकट्या नोंदीवरून ब्रेक झिजला होता की त्याची रचनाच सदोष आहे, हे ठरणार नाही. मात्र त्याच मॉडेलच्या नोंदी ठिकठिकाणांहून येऊ लागल्या, तर चौकशीला आधार मिळतो. त्यासाठी मॉडेल आणि सीरियल नंबर लागतो. तो बहुधा फ्रेमवरच्या पट्टीवर असतो. फोटो काढा, ब्रेकचाही काढा. खुर्ची इतक्यात दुरुस्तीला देऊ नका, पुरावा जातो.

मग डॉक्टरांना भेटून जुनं न खोडता, त्याखाली आजच्या तारखेने लिहून घ्या : ‘व्हीलचेअरचा ब्रेक लावलेला असताना, उतरताना चाक फिरून पडल्या.’ हेच फोटोंसह कंपनीला आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामकाला, म्हणजे त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेला, लेखी कळवा. फोनवरचं बोलणं नोंदीत येईलच असं नाही. आणि आईला तोवर दुसरी खुर्ची बघा.