ती अजून 'तुझं चर्च' का म्हणते

बाळा,
प्रभूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं हा पाचारणाबद्दल विचारतोय, की देवाने आम्हा दोघांना कशासाठी बोलावलंय, पाळकसाहेब म्हणतायत तुम्ही दोघं नवीन जोडप्यांचा ग्रुप चालवा, तर हो म्हणू का. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर अडकले. तू लिहिलंयस की लग्नाला दोन वर्षं झाली तरी ती अजून 'तुझं चर्च' म्हणते. आणि लगेच पुढच्या वाक्यात तू परत सेवेवर गेलास. मला वाटतं खरा प्रश्न त्या ओळीत आहे, म्हणून आधी त्यावरच लिहिते.

तुला माहितीच आहे मी कुठल्या बाजूने बोलणार. मी पण अशीच दुसऱ्याच्या चर्चमध्ये गेलेली बाई. नवऱ्याची भाषा वेगळी, गाणी वेगळी, प्रार्थनेची रीत वेगळी. आमच्या मंडळीत सगळे शांत बसायचे आणि एकेक जण प्रार्थना करायचा, तिथे सगळे एकदम मोठ्याने सुरू व्हायचे आणि पहिले काही महिने मला कळायचंच नाही की त्या आवाजात मी माझी प्रार्थना कुठून सुरू करू. येशू तोच, वचन तेच, हे डोक्याला पटलेलं होतं. पण उपासना संपली की लोक घोळक्याने उभे राहून बोलायला लागायचे आणि मी नवऱ्याच्या बाजूला पर्स घट्ट धरून हसत उभी राहायचे, कशाला हसतेय ते माहीत नाही. घरी येईपर्यंत गाल दुखायचे.

नवरा फार चांगला, प्रवचनभर कानात कुजबुजत भाषांतर करायचा. मला तेव्हा ते प्रेम वाटायचं आणि होतंच ते. पण एकदा उपासनेनंतर एक बाई माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या, सगळे हसले, मी नवऱ्याला विचारलं काय म्हणाल्या, तर तो म्हणाला, 'काही नाही, असंच.' त्या 'असंच'ने मला जेवढं एकटं पाडलं तेवढं त्या बाईंच्या बोलण्याने पाडलं नसतं. कारण तेव्हा लक्षात आलं की या चर्चमधलं जे काही माझ्यापर्यंत पोचतं ते नवऱ्याच्या चाळणीतून गाळून येतं. पाळक मला काय म्हणतात, मी त्यांना काय म्हणते, सगळं त्याच्या तोंडून. मग ते चर्च माझं कसं होणार, ते त्याचंच राहणार ना.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे की तिचा दुभाषा होणं थोडं कमी कर. एकदम सोडू नकोस, ती बुडेल. पण प्रवचनाचं भाषांतर दुसऱ्या कोणाला तरी करायला सांग, एखाद्या बाईला सांगितलंस तर उत्तम, म्हणजे तिची तिथे एक ओळख तयार होईल जी तुझ्यामार्फत आलेली नाही. आणि जेव्हा तू भाषांतर करशील तेव्हा सगळं कर, विनोद पण, टोमणे पण. तिथल्या तिथे सांगण्यासारखं नसेल तर घरी आल्यावर सांग, पण 'असंच' म्हणू नकोस.

आता बायबलमधल्या रूथचं बघ, मवाब या परक्या देशातली विधवा, सासूबरोबर बेथलेहेमला आलेली. लग्नात तिचं ते वचन वाचतात, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव, तुमच्या लग्नात पण वाचलं असेल. ती हे सासूला, नामीला, म्हणाली होती, नवऱ्याला नाही, आणि बेथलेहेमला पोचायच्या आधी रस्त्यावर म्हणाली होती. तिने स्वतःच्या बाजूने सगळं देऊन टाकलं, पण गावाने तिला लगेच आपलं म्हटलं का? शेताचा मालक बवाज, ज्याच्याशी पुढे तिचं लग्न होतं, तो शेतात येऊन विचारतो ही मुलगी कोणाची, तर मुकादम तिचं नाव पण घेत नाही, म्हणतो नामीबरोबर मवाबातून आलेली मवाबी मुलगी. दुसऱ्या अध्यायात मवाबी, चौथ्या अध्यायात वेशीवर बवाजच्या स्वतःच्या तोंडी दोनदा मवाबी. लग्न होतं तिथून पुढे ती फक्त रूथ आहे, आणि मत्तयने दिलेल्या येशूच्या वंशावळीत पण नुसतं रूथ. हा शिक्का पुसायला तिच्या एका वाक्याने भागलं नाही, मधे पूर्ण हंगाम गेला, जवापासून गव्हापर्यंत, ती रोज शेतात वाकून कणसं वेचत होती. तुझी बायको दोन वर्षांत 'आपलं चर्च' म्हणत नाही म्हणून तिचा विश्वास कमी आहे किंवा ती जुळवून घेत नाही असं कृपा करून समजू नकोस, आणि तुझ्या आईला पण समजू देऊ नकोस.

आणि बवाजने काय केलं ते पण बघ. त्याने गड्यांना ताकीद दिली की हिला कोणी हात लावायचा नाही, तहान लागली तर कुठलं पाणी प्यायचं ते तिला सांगितलं, जेवायच्या वेळी कापणाऱ्यांच्या पंगतीत बसवलं. म्हणजे सोय केली. स्वागताचं भाषण कोणीही करतं, सोय करायला मात्र त्या माणसाकडे नीट बघावं लागतं. मत्तय म्हणतो बवाजची आई राहाब, ती यरीहोची, ती पण बाहेरूनच आलेली. मला नेहमी वाटतं त्याला हे घरातूनच कळलं असणार, अर्थात तसं लिहिलेलं कुठे नाही, हे माझं वाटणं.

तुझ्या पत्रात एक गोष्ट वाचून मला राग आला, तो तुझ्यावर नाही. तू लिहिलंस की वडीलमंडळी म्हणतात तुमचं लग्न हीच मोठी साक्ष आहे, आणि दर विशेष उपासनेला तुम्हाला दोघांना पुढे उभं करतात. आमच्याबरोबर पण एका मंडळीत हेच झालं. पहिल्याच वर्षात तीन वेळा पुढे बोलावलं, बघा ख्रिस्तात सगळे एक, लोक टाळ्या वाजवायचे. त्याच वर्षी मी आठ दिवस तापाने पडून होते आणि एकाचाही फोन आला नाही. लोक वाईट नव्हते रे, पण आम्ही त्यांच्यासाठी भिंतीवरचं चित्र झालो होतो आणि चित्राला ताप येतो हे कोणाच्या लक्षात येत नाही. तर पुढच्या वेळी पुढे बोलावलं की तू परस्पर हो म्हणू नकोस. तिला विचार. ती नको म्हणाली तर तिच्यावर न ढकलता 'आम्ही दोघांनी ठरवलंय' असं सांग.

गणनाच्या बाराव्या अध्यायात मोशेच्या कूशी, म्हणजे परक्या देशातल्या, बायकोबद्दल त्याची बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन वाईट बोलतात. देव मिर्यामवर रागावतो, तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवतात, मोशे तिच्यासाठी रदबदली करतो, सगळं आहे तिथे, पण त्या कूशी बाईचा एक शब्द नाही. जिच्यावरून एवढं झालं तिला काय वाटलं, काही नाही. मी तो अध्याय वाचते तेव्हा दर वेळी तिथे थांबते. तुमच्या घरात असं व्हायला नको. तुझ्या पत्रात पण मला तिचं एकच वाक्य मिळालं, ते 'तुझं चर्च', बाकी सगळं तिच्याबद्दल तू लिहिलेलं.

तक्रार करायची भीती वाटते असं म्हणतोस, नवीन माणसाने कुरकुर केली तर लोक काय म्हणतील. प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय काढ. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी सरळ तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवा राहून जातात. एकच मंडळी, दोन भाषा, आणि एका भाषेच्या म्हाताऱ्या बायका उपाशी. प्रेषितांनी त्यांना मन मोठं करा असं काही सांगितलं नाही. सगळ्या मंडळीला बोलावलं, सात माणसं निवडायला लावली, आणि त्या सातांची नावं बघ, स्तेफन, फिलिप्प, पुढे सगळी ग्रीक नावं, शेवटचा नीकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहूदी पण नसलेला. ज्यांचं राहून जात होतं त्यांच्यातल्याच लोकांच्या हातात वाटप दिलं. तेव्हा पाळकसाहेबांकडे जा, दोघं मिळून जा, आणि मोघम बोलू नका की हिला परकं वाटतं. नेमकं सांगा. महिन्यातून एकदा एक गाणं तिच्या भाषेत घ्या, निदान शास्त्रवाचन तरी तिला तिच्या भाषेत करू द्या. पन्नासाव्या दिवशी, पवित्र आत्मा उतरला तेव्हा, जमलेल्या लोकांना एक भाषा शिकवली नव्हती, प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकलं होतं.

घरच्यांचं म्हणशील तर, तिच्या आईवडिलांना वाटतं तिने त्यांची मंडळी सोडली आणि तुझ्या घरच्यांना वाटतं ती अजून सोडत नाही, यावर माझ्याकडे तोडगा नाही, वेळ जाऊ दे. तिला तिच्या जुन्या मंडळीची उपासना फोनवर ऐकायची असेल तर ऐकू दे, शक्य असेल तेव्हा बाजूला बसून तू पण ऐक, एक शब्द कळला नाही तरी. तासभर बसून बघ. ती दर रविवारी तेच करते.

दोघांनी तिसऱ्याच चर्चमध्ये जावं का हे पण विचारलंयस. काहींना ते मानवतं. पण मी बघितलंय की कधी कधी जोडपी न्याय व्हावा म्हणून तिसरीकडे जातात आणि मग दोघंही पाहुणे होतात. अजून एक वर्ष द्या, तिने तयारी दाखवली तर. नेमकं सांगूनही तिचा अपमान होत राहिला आणि वडीलमंडळी ढिम्म राहिली तर मात्र निघा, त्यात देवाचा अपमान नाही.

आता पाचारण. माझं सांगते. प्रवचन कळेना म्हणून मी मागच्या बाकावर बसायला लागले होते, तिथे एक म्हाताऱ्या बाई बसायच्या, लकव्याने त्यांची वाचा गेलेली. मला बोलता येत नव्हतं भाषा येत नाही म्हणून, त्यांना येत नव्हतं आजारामुळे. त्यांचा एक हात चालायचा नाही, म्हणून गीतांच्या पुस्तकाची पानं मी उलटायचे आणि त्या चांगल्या हाताचं बोट ओळीखाली फिरवायच्या, हळू, एकेक शब्द, मला दिसेल असं. ते बोट थरथरायचं, नखावर एक आडवी चीर होती, मला अजून दिसते. त्यांच्या त्या बोटावरून मी लिपी शिकले. मग त्या यायच्या बंद झाल्या तेव्हा मी घरी जायला लागले, नवरा सोडायला यायचा, तोही बसायचा, वाचून दाखवायचा. त्यांच्या शेजारी अजून एक आजारी आजोबा होते, मग तिकडे. एका रविवारी पाळकांनी विचारलं की दवाखान्यात अमक्यांना भेटायला कोण जाईल, आणि तीन-चार लोकांनी माझं नाव घेतलं. अमक्याची बायको असं नाही म्हणाले, माझं नाव. त्या दिवशी घरी जाताना मी पहिल्यांदा 'आपलं चर्च' म्हणाले, मला कळलं पण नाही, नवऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि रडला. पुढे कितीतरी वर्षं आम्ही दोघांनी आजाऱ्यांच्या भेटी केल्या आणि कोणी आम्हाला त्याचं पद दिलं नव्हतं.

बायबलमधलं जोडपं म्हटलं की अक्विल्ला आणि त्याची बायको प्रिस्किल्ला सगळ्यांना आठवतात, दोघांची नावं नेहमी जोडीने येतात म्हणून. पण त्यांची सुरुवात कशी झाली बघ. अक्विल्ला मूळचा पंत प्रांताचा, राहत होते रोममध्ये, क्लौद्य बादशहाने साधारण इ.स. 49 मध्ये यहुद्यांना रोममधून निघून जायला सांगितलं म्हणून करिंथला आले, म्हणजे हाकलले गेलेले लोक. धंदा तंबू करायचा. प्रेषित पौल त्यांच्याकडे राहिला तो पण धंदा एक म्हणून. इफिसात अपुल्लोस नावाचा उपदेशक शिकवताना थोडं अर्धवट शिकवतोय हे लक्षात आल्यावर दोघांनी त्याला आपल्याजवळ घेऊन नीट समजावलं. ही त्यांची सेवा, हातातलं काम आणि घराचं दार, आणि दोघांपैकी कोणी दुसऱ्याच्या मागे उभं नाही.

ग्रुपला आत्ता हो म्हणू नकोस. म्हणजे ती स्वतःहून म्हणाली तर गोष्ट वेगळी. तू तिथे लहानाचा मोठा झालास, तुझ्या मागे चाळीस ओळखी आहेत, तू ग्रुप उभा करशील आणि ती तिथे परत तुझ्या बाजूला हसत उभी राहील. आधी बघ ती रविवारी कोणाच्या शेजारी आपणहून बसते. कोणाचं बाळ तिच्याकडे जातं, कोणाचा निरोप तिला थेट येतो. तिथे कुठेतरी सुरुवात आहे, आणि ती तिची ती शोधेल, तू तिच्या मागे जायची तयारी ठेव, गाडी चालवायची, बाहेर थांबायचं, वाचून दाखवायचं.

आणि पुढचं पत्र तिला लिहू दे. तिच्या भाषेत लिहिलं तरी चालेल, मी कोणाकडून तरी वाचून घेईन. तू भाषांतर करून पाठवू नकोस.

तुझी,
मावशी