मलावीत स्वयंसेवक म्हणून जातोय, सुटीच्या दिवशी लिफ्ट मागत फिरता येईल का?

हो, आरामात येईल, फक्त फुकटात येईल असं समजू नका. तिथे पिकअपच्या मागच्या हौद्यात बसून जाण्याला ‘मटोला’ म्हणतात आणि त्याचं भाडं द्यावंच लागतं. आपल्याकडे उमरेड रोडवर काळी-पिवळीला हात दाखवतो तसंच. मी तिथल्या एका शाळेत वर्षभर शिकवलं, शनिवार-रविवार असाच फिरलो. अंगठा दाखवू नका, हात पुढे करून खाली-वर हलवा. किती क्वाचा (तिथलं चलन) ते चढण्याआधीच ठरवा (आधीच बसलेल्या बाईला विचारलं की खरा भाव कळतो). राजधानी लिलाँग्वे ते उत्तरेकडचं म्झुझु शहर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण मिनीबसही भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे अख्खा दिवस हाताशी ठेवा आणि परतीचा बेत रविवार संध्याकाळवर ढकलू नका. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे, तेव्हा बॅगेत प्लास्टिक हवंच.

मात्र अंधारात अजिबात नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रस्त्यावर बिनदिव्यांच्या सायकली, बकऱ्या, सगळंच असतं. उघड्या गाडीतला प्रवास तुमच्या विम्यात बसतो का, तेही नागपूर सोडण्याआधी संस्थेला विचारून घ्या.