तलवार, जादू आणि घरचा पडदा

प्रश्न : आम्ही काही शेजारी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून जुने चित्रपट पाहतो आणि त्यांची परीक्षणे आमच्या वसाहतीच्या छोट्या अंकात छापतो. या खेपेस माझ्या वाट्याला ‘कॉनन द डिस्ट्रॉयर’ हा तलवार आणि जादूचा १९८४ चा हॉलीवूडपट आला आहे. पाहताना आम्ही सगळे मनसोक्त हसलो. लिहायला बसलो तेव्हा मात्र पेन अडले. ‘टाइमपास आहे’ एवढे लिहून मोकळे व्हा, असे मित्र म्हणतात. अशा चित्रपटाला गंभीर चित्रपटाचे निकष लावावेत का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मित्रांचा सल्ला सोयीचा आहे, पण तो मानू नका. संध्याकाळ जाणार, हे वाचकाला ठाऊकच असते. ती बरी जाईल की वाया जाईल, एवढेच त्याला आपल्याकडून कळून घ्यायचे असते. वेगळे निकष शोधण्याचीही गरज नाही. पडद्यावरच्या माणसांना त्यांच्यावरचे संकट खरे वाटते का, एवढे एकच पाहावे. प्रेक्षकाला ते खरे वाटले नाही तरी चालते.

याचा दाखला आपल्या गावातच आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकला चालवली आणि १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ पडद्यावर आणला. त्यात कृष्णाची भूमिका त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केली होती. चित्रपटाच्या आरंभी ही लहान मुलगी आपल्या साध्या रूपात प्रेक्षकांसमोर येते, चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते आणि मग पाहता पाहता तिचाच कृष्ण होतो. म्हणजे फाळक्यांनी युक्ती लपवली तर नाहीच, उलट ती आधी दाखवली. तरीही ते पोर डोहात कालियाशी झुंजते तेव्हा जीव टांगणीला लागतो, कारण त्या झुंजीत थट्टा कुठेच नाही.

आता आपल्या चित्रपटातील आरशांच्या दालनाचा प्रसंग पुन्हा लावून पाहा. लाल झग्यातला वानरासारखा प्राणी कॉननला उचलून आपटतो आणि कॉननच्या वारांचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. मग एक आरसा फुटतो आणि घाव प्राण्याला लागतो. त्यानंतर कॉनन प्राण्याकडे पाठ फिरवून आरसेच फोडत सुटतो. शत्रूला सोडून भिंतीवर तुटून पडणारा योद्धा पाहताना हसू येते, पण त्या क्षणी कॉनन झालेल्या आर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या चेहऱ्यावर मिस्कीलपणाचा लवलेशही नाही. परीक्षणात या दोन-तीन मिनिटांवर आपण सविस्तर लिहिलेत, तर कथानकाचा पूर्ण सारांश देण्याची गरज उरणार नाही. तसेही राणी, राजकन्या, रत्न आणि विश्वासघात एवढ्यात ती कथा सांगून होते.

विनोद दोन तऱ्हांचा आहे आणि तो वेगवेगळा तोलावा, असे मला वाटते. मलाक हा कॉननचा चोर साथीदार केवळ हसवण्यासाठी ठेवलेला आहे, आणि तशा पात्रांचे होते तेच त्याचे होते : अर्ध्या वाटेवर तो कंटाळवाणा वाटू लागतो. ग्रेस जोन्स यांनी केलेली टोळीतली योद्धी झुला मात्र एकदाही हसवायला जात नाही. पुरुष आवडला तर काय करावे, असे राजकन्या तिला भाबडेपणाने विचारते, तेव्हा ती लढाईचा डावपेच सांगावा तशा आवाजात दोन शब्दांत उत्तर देते, आणि सगळे घर हसते. राजकन्येचा अंगरक्षक झालेले विल्ट चेंबरलेन हे मूळचे बास्केटबॉलपटू. उंची सात फूट एक इंच. अभिनय बेताचा आहे, पण श्वार्झनेगरसारख्या नायकाला मान वर करून बोलावे लागते, यातच निम्मा विनोद साधून जातो.

शेवटचा दागोथ हा राक्षस फसला आहे, हेही आडपडदा न ठेवता लिहा. त्याची रचना पडद्यावरचे प्राणी घडवण्यात नावाजलेले कार्लो राम्बाल्डी यांची आणि पोशाखाच्या आत कुस्तीगीर आंद्रे द जायंट. तरीही कॅमेरा त्याच्यावर इतका वेळ रेंगाळतो की रबर डोळ्यांत भरते. मात्र १९८२ च्या पहिल्या ‘कॉनन’ चित्रपटाशी तुलना एका वाक्यात आटोपावी. तो मुळातच उदास आणि रक्ताळलेला होता; दुसरा तसा नाही, ही तक्रार होऊ शकत नाही.

प्रश्न : घरी डिस्कवर पाहिलेल्या चित्रपटाच्या परीक्षणात डिस्कविषयी किती लिहावे? चित्र निस्तेज दिसले, तर दोष कुणाला द्यावा?
— एक वाचिका, पंचवटी, नाशिक

उत्तर : चित्रपट आणि डिस्क यांचे मत एकमेकांत मिसळू देऊ नये. वरच्याच चित्रपटाचे पाहा. त्याचे दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर आणि छायालेखक जॅक कार्डिफ यांनी १९५८ मध्ये ‘द व्हायकिंग्ज’ एकत्र केला होता, आणि कार्डिफ यांना त्याआधीच ‘ब्लॅक नार्सिसस’साठी ऑस्कर मिळाले होते. अशा माणसाने टिपलेले मेक्सिकोतील वाळवंट फिके दिसू लागले, तर संशय आधी डिस्कवर आणि त्याहून आधी आपल्या टीव्हीवर घ्यावा. नव्या टीव्हींमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय कारखान्यातूनच चालू करून येते. तिच्यामुळे तलवारबाजी मालिकेच्या चित्रीकरणासारखी दिसते. ती बंद करूनच परीक्षणाला बसावे.

त्यानंतर चौकट तपासावी. हा चित्रपट २.३५ : १ अशा रुंद चौकटीत घेतलेला आहे, त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या दिसणारच, आणि त्या दिसणे योग्यच आहे. जुन्या व्हिडिओ कॅसेटवर असे चित्रपट ४ : ३ चौकटीत कापून बसवत असत, तसे केल्यास चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग गळतो. पाच-सहा जणांची टोळी शेजारी-शेजारी चालत असेल, तर दोन जण कायमचे बाहेर राहतात आणि उरलेल्यांचा संवाद हवेशी चाललेला दिसतो. ज्यांनी हे चित्रपट लहानपणी कॅसेटवर पाहून भिकार ठरवले, त्यांचे ते मत म्हणूनच मी फारसे धरत नाही.

पाल या जुन्या टीव्ही-पद्धतीच्या (भारतात तीच होती) डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रे धावतात, म्हणून १०३ मिनिटांचा चित्रपट साधारण ९९ मिनिटांत संपतो. काटछाट झाली, असे घाईने लिहू नये. चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसत असतील, तर डिस्क बनवताना फिल्मचे नैसर्गिक दाणे पुसले गेले आहेत असे समजावे, आणि ते मात्र जरूर नोंदवावे. डिस्कसाठी एक परिच्छेद पुरे आहे.

प्रश्न : असा चित्रपट नातवंडांना दाखवावा का? आणि परदेशातून मुलाने पाठवलेली डिस्क आमच्याकडे चालेल का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : अमेरिकेत ‘कॉनन द डिस्ट्रॉयर’ला पालकांच्या मार्गदर्शनाचे ‘पीजी’ प्रमाणपत्र मिळाले होते, पण त्या काळचे ते प्रमाणपत्र बरेच सैल होते. आरशांतला प्राणी आणि शेवटचा राक्षस पाहून लहानगी घाबरतील; दहा-बारा वर्षांच्या मुलांना शेजारी बसवून दाखवायला हरकत नाही. डिस्कचे म्हणाल, तर कोणती डिस्क कोणत्या देशांत चालावी यासाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत; त्यांत भारताचा विभाग डीव्हीडीसाठी ५ आणि ब्लू-रेसाठी ‘सी’ आहे. अमेरिकेची ब्लू-रे ‘ए’ विभागाची असते आणि विभागाचे बंधन घातलेली असल्यास इथल्या प्लेअरवर चालणार नाही. फोर-के डिस्कला असे बंधन नसते, मात्र तिला फोर-के प्लेअरच लागतो. पुढच्या वेळी पाकीट पाठवण्याआधी वेष्टणाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मुलाकडून मागवून त्यावरचा विभाग पाहून घ्यावा.